काए बड्डे?

जबलपूर स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच एक रिक्षावाला पुढे आला, माझ्या हातातली बॅग जन्मापासून त्याचीच असल्यासारखी उचलली आणि म्हणाला, "काए बड्डे?"

मी चपापलो. माझा वाढदिवस मे महिन्यात असतो आणि हा डिसेंबर होता. "नाही हो, अजून पाच महिने आहेत," असं मी चक्क मराठीत सांगून टाकलं. तो हसला, मीही हसलो. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "त्याला कशाला तारीख सांगत बसलात?" पण गंमत अशी की त्या दिवशी पानवाल्यानेही मला तेच विचारलं आणि चहावाल्यानेही तेच. शहर फारच लाघवी आहे, अशी माझी समजूत झाली. दुसऱ्या दिवशी मावशीने उलगडा केला. 'बड्डे' म्हणजे 'बडे भैया' आणि 'काए' म्हणजे आपलं 'काय'. जबलपुरात रिक्षावाल्यापासून हायकोर्टातल्या वकिलापर्यंत सगळे एकमेकांचे बड्डे असतात. मी मात्र तोवर दीड दिवस जन्मतारीख वाटत हिंडत होतो.

जबलपूरला लोक भेडाघाट बघायला जातात. चांदण्या रात्री संगमरवराच्या कड्यांमधून नाव नेतात, धुवांधार धबधब्याचे तुषार अंगावर घेतात, मदनमहालाजवळचा तो अधांतरी वाटणारा प्रचंड खडक बघून "हा पडत कसा नाही?" असं एकमेकांना विचारतात. मी गेलो होतो खायला. आणि नुसतं खायला नव्हे, अस्सल खायला.

हा रोग मला चाळिशीनंतर जडला. शुगर, कोलेस्टेरॉल आणि अस्सल ही तिन्ही साधारण एकाच सुमाराला सुरू होतात. पैकी पहिल्या दोहोंवर गोळ्या निघाल्या आहेत. तिसऱ्याची लक्षणं अशी : रोगी हॉटेलात गेल्यावर मेन्यूकार्ड पालथं घालतो आणि वेटरला विचारतो, "ते राहू दे. इथले लोक काय खातात?" रस्त्यावर जितकी कळकट गाडी तितका त्याचा विश्वास दृढ होतो. टेबलावर टेबलक्लॉथ दिसला की तो उठून चालू लागतो. कोकणात एकदा एका घरगुती खानावळीत मी मालकीणबाईंना गळ घातली होती, "आमच्यासाठी वेगळं काही करू नका. तुम्ही घरात जे खाता तेच वाढा." बाई मिनिटभर घुटमळल्या. मग आत गेल्या आणि मॅगी घेऊन आल्या. शनिवारी रात्री त्यांच्या घरात सगळे मॅगीच खायचे. तिच्यात एक काजू होता. तो आमच्यासाठी.

तर आम्ही कल्याणला महानगरी एक्स्प्रेस पकडली. आमच्या डब्यात निम्मी बनारस आणि निम्मी अलाहाबाद बसलेली होती. "जबलपूरचं खास खाणं काय हो?" हा प्रश्न मी इटारसीनंतर डब्यात टाकला. सतन्याचे एक गृहस्थ म्हणाले, "खाणं म्हणजे आमच्या बघेलखंडातला इंदरहर. चार-पाच डाळी वाटून करतात. जबलपुरात कुठलं आलंय?" एक काकू म्हणाल्या, खायचं तर बनारसला चला, मलइयो खा, थंडीतच मिळतो. वरच्या बर्थवरून एक आवाज आला, "इंदौर!" मी म्हटलं, "पण जबलपूर?" मंडळी क्षणभर विचारात पडली. मग सतनावाले म्हणाले, "जबलपूर में तो गाडी बदलते हैं."

यात त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. १८७० साली मुंबईकडून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोघींची गाठ जबलपुरात पडली आणि मुंबई-कलकत्ता मार्ग पुरा झाला. ज्या गावाचं नाव आगगाडीने जगभर नेलं त्या गावाला लोक फलाटावरूनच ओळखणार.

पिपरिया गेलं, गाडरवारा आलं. गाडरवाऱ्याच्या दोन गोष्टी नामांकित : तूरडाळ आणि आचार्य रजनीश. त्यांचं बालपण इथलं. पुढे ते जबलपूरला प्राध्यापक झाले आणि १९७४ साली पुण्यात कोरेगाव पार्कात येऊन बसले. डाळही पुण्यात येतच असते. माणूस काय, डाळ काय, या भागातून जे चांगलं निघतं ते पुण्याकडे वाहतं, अशी एक सुखद कल्पना माझ्या मनात आली. मी ती बोलून दाखवली. सतनावाल्यांनी खिडकी लावून घेतली.

हॉटेल बरं होतं. म्हणजे माझ्या दृष्टीने वाईट. टेबलक्लॉथ होता. पण रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि बायकोने "आता कुठेही जायचं नाही" हे अशा स्वरात सांगितलं होतं की अस्सलचा विषय सकाळवर टाकणं भाग होतं. तरी सवयीने मेन्यूकार्ड पालथं घातलं आणि पोऱ्याला विचारलं, "इथलं लोकल काय आहे?"

"सर, पनीर है."

"पनीर लोकल कसं?"

"पीछेवाली डेअरी से आता है."

मी त्याला समजावून सांगितलं. लोकल म्हणजे इथलं पारंपरिक, आजीच्या हातचं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याने फार लक्ष देऊन ऐकलं. त्याची आजी बालासोरला होती, म्हणजे ओडिशात, आणि ती पखाळ भात फार छान करायची, असं तो म्हणाला. भटारखान्यातला महाराज गढवालचा. मालक पंजाबी. जबलपूरचं त्या हॉटेलात पाणी होतं, आणि पीछेवाली डेअरी. आम्ही पनीर खाल्लं.

सकाळी मी एकटाच बाहेर पडलो. कोपऱ्यावर एका गाडीभोवती गर्दी होती. पोहे आणि जिलबी. पोह्यांवर शेव, बारीक कांदा, वर जिरावणासारखं काहीतरी भुरभुरलेलं. उभ्या उभ्या दोन प्लेटी खाल्ल्या आणि सुखाने डोळे मिटून गाडीवाल्याला म्हटलं, "हे खरं जबलपूरचं!" गाडीवाला प्रामाणिक निघाला. कढईतला झारा न थांबवता म्हणाला, "पोहा तो इंदौर का है, बड्डे." शेजारच्या गाडीवर आलूबंडे तळले जात होते. आलूबंडा म्हणजे आपला बटाटेवडाच, फक्त मुंज झालेली नाही, पाव नाही. ते खाल्ले तर ज्याला दाखवण्यासाठी खायचं तो मित्रपरिवार हसला असता. पलीकडे मुगाच्या डाळीचे मंगोडे होते. ते मात्र चांगले होते, पण दिल्लीतही असतात असं माझ्या फोनने सांगितलं. हा फोन म्हणजे अस्सलचा वैरी. आधीच्या पिढीला कुठला पदार्थ कुठे मिळतो हे कळत नसे, म्हणून त्या पिढीचं सगळंच अस्सल होतं.

परत येताना भंवरताल बाग लागली. इथल्या मौलश्रीच्या झाडाखाली २१ मार्च १९५३ रोजी आपल्याला ज्ञान झालं, असं रजनीश सांगत. मौलश्री म्हणजे आपली बकुळ. मीही पाच मिनिटं बसून पाहिलं. पोटात दोन प्लेटी पोहे आणि चार मंगोडे असताना ज्ञान होत नाही. झोप येते.

दुपारी कमानिया गेटला गेलो. इथे मात्र मी मनापासून सांगतो, जबलपूरने मला जवळजवळ जिंकलं होतं.

कमानिया गेट ही त्रिपुरी काँग्रेसची आठवण. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन भरलं. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून निवडून आलेले सुभाषबाबू इतके आजारी होते की त्यांना झोपवून आणावं लागलं. बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते आणि अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर मिरवली, असं सांगतात. या गेटच्या परिसरात खव्याची जिलबी मिळते. ती १८८९ साली हरप्रसाद बडकुल यांनी पहिल्यांदा केली, अशी इथली परंपरा आहे. म्हणजे जिलबी अधिवेशनापेक्षा पन्नास वर्षांनी वडील. हत्तींनी खाल्ली की नाही याची नोंद नाही.

ही जिलबी पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हलवायाचं लक्ष नव्हतं आणि करपली. रंग थेट चॉकलेटी. आमच्याकडची जिलबी कशी पिवळीधमक, लग्नातल्या करवलीसारखी ठुमकत येते. ही जाडजूड, गंभीर, मध्यमवयीन. मी कढईशेजारी उभा राहून बघितलं. खवा आणि तीखुर, म्हणजे आपली तवकील, हलक्या हाताने मळून त्याचं दाट पीठ करतात. ते फडक्यात भरतात. फडक्याला खाली एक भोक. मूठ दाबली की बोटाएवढी जाड धार पडते. साध्या जिलबीला मनगटाची घाई लागते. इथे हलवाई शाईच्या दौतीत टाक बुडवून सही करावी तसा संथपणे हात फिरवत होता. तुपात ती आधी बुडते, मग विचार करते, मग वर येते. आच मंद. खवा हळूहळू तांबूस, मग तपकिरी, मग अजून काळपट होत जातो आणि सगळ्या गल्लीत बासुंदी तळाला लागल्यासारखा वास सुटतो. हलवाई तिला बाहेर काढायची घाईच करत नाही. मी दोनदा "झाली, झाली" म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर पाकात. खाताना बाहेरून किंचित कडक, आत गुलाबजामाचा मऊपणा, आणि शेवटी जिभेवर खव्याचा कडवटसर खरपूसपणा राहतो. धान्याचा कणही नसल्यामुळे, संकष्टीचा उपास असलेल्या बायकोने चार खाल्ल्या. चंद्रोदयाला अजून सहा तास होते.

"झालं की हो तुमचं काम," ती बोटं चाटत म्हणाली. "मिळालं अस्सल. आता भेडाघाट?"

पण रोग असा सुटत नसतो. मला शंका आली. ज्या पदार्थाचा कर्ता ठाऊक, साल ठाऊक, पत्ता ठाऊक, तो पारंपरिक कसा? अस्सल पदार्थाला जन्मदाखला नसावा. त्याबद्दल विचारलं तर म्हातारीने "आमच्यात असंच करतात" एवढंच म्हणावं. मी हे सविस्तर मांडलं. बायकोने पाचवी उचलली आणि म्हणाली, "शिवाय ही बऱ्हाणपूरलाही मिळते. माव्याची जिलबी. मुंबईत रमजानात बऱ्हाणपूरची म्हणूनच विकतात. काल गाडी बऱ्हाणपूरला थांबली होती."

"मग उठवलं का नाहीस?"

"तुम्ही घोरत होता. अस्सल."

संध्याकाळी मावशीकडे गेलो. ही आईची मावसबहीण. तिचे वडील नागपूरच्या हायकोर्टात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि हायकोर्ट उठून जबलपूरला आलं. कोर्टाबरोबर फायली आल्या, फायलींबरोबर कारकून आले आणि कारकुनांबरोबर पाटा-वरवंटे आले. त्याआधीही इथे मराठी माणूस होताच. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पण मावशीचं घराणं फायलींबरोबर आलेलं. काका गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर झालेले. १९०४ सालची ही फॅक्टरी तोफांचे गाडे करते, त्यामुळे काका अजूनही चहाचा कपसुद्धा तोफ जागेवर बसवावी तसा बशीत ठेवतात.

"अरे, किती दुबळा झालास रे!" मावशीने दारातच सांगितलं. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. "चला, हात-तोंड धुऊन घ्या. जेवण लागून गेलंय."

पानावर अळूचं फदफदं, मसालेभात, पंचामृत, बटाट्याची पिवळी भाजी, मठ्ठा आणि जिलबी. पिवळी. मी बघतच राहिलो.

"पुण्याचे पाहुणे म्हणून खास पुणेरी केलंय," मावशी म्हणाली. "'रुचिरा' बघून. अळू इथे बाजारात नाही मिळत रे चांगलं. काकांनी कुंडीत लावलंय, दोन महिने झाले. तू येतो म्हणालास ना, तेव्हापासून."

आता या बाईला काय सांगायचं? पुण्यात हा बेत मी कधी शेवटचा खाल्ला ते आठवत नव्हतं. लग्नांतूनही आता चाट, पास्ता आणि तो गोल फिरणारा डोसा असतो. कमलाबाई ओगल्यांचं १९७० चं पुस्तक, जबलपूरची कुंडी आणि नागपूरची मावशी, एवढं एकत्र आल्यावर मला अस्सल पुणेरी जेवण मिळालं. मी तीनदा फदफदं घेतलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. तिखट होतं, मावशी शेवटी नागपूरची.

"पण मावशी," पान खाताना मी मूळ पदावर आलो, "इथल्या लोकांचं स्वतःचं असं काय?"

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "गक्कड."

"काय?"

"गक्कड-भर्ता. पण ते बाजारात नाही मिळून राहिलं. त्याची पार्टी करा लागते."

माझे कान टवकारले. बाजारात मिळत नाही! पाटी नाही, साल नाही, कर्ता नाही. मी काकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काकांनी खिडकी उघडली आणि अंगणापलीकडे हाक मारली, "माट्साब! उद्या गक्कड?"

पलीकडून उत्तर आलं, "हओ!"

मास्टरसाहेबांचं झालेलं हे 'माट्साब'. शेजारचे निवृत्त शिक्षक. त्या एका 'हओ'वर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मोटारी, तीन स्कूटर, सतरा माणसं, कणकेचा डबा, तुपाचा डबा, वांग्यांची पिशवी, कोवळ्या मटारचं एक पोतं आणि गोवऱ्यांचं एक मोठं पोतं एवढं सगळं भेडाघाटच्या रस्त्याला लागलं. जबलपूरच्या आसपास मटार इतका पिकतो की थंडीत इथे कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने बसणं अशक्य असतं. बसलात की समोर शेंगा येतात. वाटेत तेवर गाव लागलं. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी, असं माट्साबांनी सांगितलं, आणि तिथून नर्मदाकाठ येईपर्यंत त्यांनी कलचुरींचे राजे क्रमाने सांगितले. गाडीत मागे बसलेल्या त्यांच्या माजी विद्यार्थ्याने तीन ठिकाणी दुरुस्ती केली.

नदीकाठी एका आंब्याखाली सतरंजी पडली आणि मला कळलं की अस्सल पदार्थ खाण्याच्या बाबतीत माझी मूळ समजूतच चुकली होती. आजवर मी अस्सल शोधायचो, म्हणजे बसायचो आणि ते आणून द्यायचे. इथे कोणी आणून देणारं नव्हतं. माट्साबांनी धोतर खोचलं, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "आप पूना से आए हैं? अच्छा. आग आप फूंकिए."

गोवरी पेटवणं हे शास्त्र आहे. कागद पेटतो, काडी पेटते, गोवरी फक्त धुमसते. मी फुंकर मारली की धूर माझ्याकडे यायचा. बाजू बदलली की धूरही बाजू बदलायचा. अर्ध्या तासात माझे डोळे लाल, भुवया करड्या आणि नवा शर्ट चुलीतून काढल्यासारखा झाला. सतराही माणसं आगीच्या बाबतीत तज्ज्ञ होती. एक म्हणे, रचना चौकोनी पाहिजे. दुसरा म्हणे, मध्ये हवेला वाट ठेवा. मग 'गक्कड आणि बाटी एकच का?' हा वाद निघाला. बाटी म्हणजे राजस्थान-माळव्याची, गोल, चेंडूसारखी. गक्कड हातावर थापून चपटी केलेली. फरक एवढाच. पण त्यावर दोन स्कूटरवाले एकमेकांशी बोलेनासे झाले. माट्साबांनी शेवटी निकाल दिला, "बाटी होटल में मिलती है. बस."

या शहरात हरिशंकर परसाई राहत होते. १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे हिंदीतले मोठे व्यंग्यकार. पुण्याहून हजार किलोमीटर येऊन गोवऱ्या फुंकणाऱ्या माणसाचं त्यांनी काय केलं असतं, या विचाराने मी क्षणभर फुंकायचं थांबलो. लगेच मागून कोणीतरी ओरडलं, "काए बड्डे, बुझ जाएगी!"

तोवर तिकडे कणीक मळणं चाललं होतं. जाडसर गव्हाची, ओवा आणि मीठ घातलेली, तुपाचं थोडं मोहन, पाणी बेताचंच. गोळा घट्ट. बायको आतापर्यंत मावशीजवळ बसून शेंगा सोलत होती. तिने एकदा त्या परातीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, मग परत परातीकडे.

"मावशी," ती म्हणाली, "हे रोडगे आहेत."

"मग काय तर!" मावशी म्हणाली. "आम्ही घरी रोडगेच म्हणतो. हा पुण्याचा, याला कळणार नाही म्हणून गक्कड म्हटलं."

इथे एक खुलासा केला पाहिजे. माझी बायको अमरावतीची. लग्नाला बावीस वर्षं झाली. दर थंडीत माहेरून फोन येतो, शेतात रोडगे आहेत, वांग्याची भाजी आहे, या. दर थंडीत मी सांगतो की एवढ्या लांब कणकेचे गोळे खायला कोण येणार? एकदा तर मी असंही म्हणालो होतो की तुमच्या विदर्भात बेकरी नव्हती म्हणून ही वेळ आली. हे वाक्य मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

ती उठली, पदर खोचला आणि माट्साबांना म्हणाली, "सर, थोडा आटा मुझे दीजिए." पुढचं मी धुराआडून पाहिलं. तिने गोळ्याची पोळी लाटल्यासारखी चापट केली, तिच्यावर तेलाचा हात फिरवला, घडी घातली, परत तेल, परत घडी आणि मग मूठ वळून गोळा केला. आत पदर सुटतात म्हणे. माट्साब बघत होते. "यह परतें क्यों?" "आमच्यात असंच करतात," ती मराठीत म्हणाली.

याच वाक्याच्या शोधात मी आयुष्यभर हिंडत होतो आणि ते माझ्याच घरात होतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं असतं. पण तेवढ्यात एक वांगं फुटलं.

जाळ बसला, गोवऱ्यांचा लालभडक निखारा झाला, त्यावर वांगी, टोमॅटो आणि लसणाचे अख्खे कांदे ठेवले होते. त्यातल्या एका वांग्याला टोचे मारायचं काम माझ्याकडे होतं. ते बार उडाल्यासारखं उडालं. काका म्हणाले, "ही आमच्या फॅक्टरीची चूक नव्हे." बाकीची वांगी सोलून, चुरून त्यात मिरची, कोथिंबीर, कच्चं तेल आणि मटार गेले. गक्कड आणि रोडगे, निम्मे माट्साबांचे आणि निम्मे अमरावतीचे, निखाऱ्यात पुरून वरून राख ओढली. मग वाट बघायची. दुपारचे तीन वाजले होते. कोणालाही घाई नव्हती. समोर नर्मदा अगदी संथ चालली होती, जणू तिलाही वाढायचं होतं.

साडेतीनला माट्साबांनी काठीने राख बाजूला केली. आतून निघाले ते चाळीस-पन्नास काळे-करडे धोंडे. एकेक फडक्यात घ्यायचा, झटकायचा, दोन्ही हातांनी दाबून फोडायचा. फोडला की आतून पांढरी वाफ येते. मग तुपाच्या भांड्यात अख्खा बुडवायचा आणि तूप पिऊन फुगला की काढायचा. आणि इथे एक पेच आला. राखेतून बाहेर आल्यावर गक्कड कुठली आणि रोडगा कुठला हे कोणालाच ओळखता येईना. चांगला खुसखुशीत निघाला की माट्साब म्हणत, "यह हमारा." तोच बायको हातातून घेऊन म्हणे, "पदर बघा." करपलेला एखादा आला की दोघंही नदीकडे बघत. करपलेले सगळे माझ्या पानात आले. आग माझी होती, असं कारण सांगण्यात आलं.

मी सात खाल्ले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहिला तोंडात घातला तेव्हा धुराचा वास, तुपाचा वास, भर्त्यातल्या भाजल्या लसणाचा गोडसरपणा आणि पाच तासांची भूक असं सगळं एकदम आलं. बायकोने माझ्याकडे बघून फक्त भुवई वर केली. बावीस वर्षांत ती एवढी मोठी भुवई कधी झाली नव्हती.

परतीच्या वाटेवर माट्साब माझ्याशेजारी बसले. त्यांचा मुलगा हिंजवडीला आहे. होळीनंतर ते महिनाभर पुण्याला येणार आहेत. "तो भाईसाहब," ते हात चोळत म्हणाले, "वहाँ का असली क्या है? वो जो होटल में नहीं मिलता."

"है ना," मी म्हटलं, आणि तिथपासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून कल्याणपर्यंत विचार करत राहिलो. मिसळ म्हणावी तर कोल्हापूर आणि नाशिक दोन्हीकडून खटला भरतील. वडापाव मुंबईचा. साबुदाण्याची खिचडी म्हणावी तर साबुदाणा सेलमचा, दाणे आणि बटाटा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची. बाकरवडी हॉटेलात नाही पण दुकानात मिळते, आणि तिच्यावर गुजरातचा डोळा आहे. मावशीला तिची कुंडी घेऊन पुण्याला बोलवावं का, हा पर्याय मी गंभीरपणे तपासला.

बायकोने तपासला नाही. तिने माट्साबांना थेट फोन करून सांगितलं की गच्चीवर रोडगे करू. सोसायटीच्या चेअरमनांनी लेखी अर्ज मागितला. अर्जात 'प्रयोजन' या रकान्यात मी 'सांस्कृतिक' लिहिलं. गोवऱ्या पुण्यात कुठे मिळणार, या प्रश्नावर धाकट्या मुलाने फोन काढला आणि दोन मिनिटांत मागवल्याही. परवा खोकं आलं. आत फुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या बारा गोवऱ्या, एकसारख्या गोल, कडेने कापलेल्या. वर सोनेरी अक्षरांत छापलंय : 'शंभर टक्के ऑथेंटिक'.